माजी सैनिकांचा सत्कार आणि विद्यार्थ्यांच्या स्पर्धा : एक अभ्यास

आपल्या वस्तीतील कोणत्याही मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमाची पत्रिका उघडून पाहावी. पंचशील ध्वजारोहण, सामुदायिक वंदना, प्रमुख पाहुण्यांचे भाषण, गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव आणि त्याखाली एक ओळ असते : 'समाजातील माजी सैनिकांचा सत्कार'. ही ओळ पत्रिकेत असावी हे योग्यच आहे. परंतु हा सत्कार कसा होतो, हेही आपण सर्वांनी पाहिले आहे. चार-पाच वृद्ध गृहस्थ दुपारपासून तिष्ठत बसलेले असतात. अंगात ठेवणीतला कोट, छातीवर पदके. त्यांची नावे ध्वनिक्षेपकावरून घाईघाईने पुकारली जातात, शाल पांघरली जाते, छायाचित्र निघते आणि पुढचा कार्यक्रम सुरू होतो. ते कोणत्या पलटणीत होते, कोठे लढले, छातीवरचे ते पदक कशाबद्दल मिळाले, हे निवेदकाला ठाऊक नसते. समोर बसलेल्या मुलांना कोठून ठाऊक असणार? त्याच व्यासपीठावर त्याच मुलांनी तासाभरापूर्वी वक्तृत्व स्पर्धेत 'आपला शौर्याचा इतिहास' या विषयावर टाळ्या मिळविलेल्या असतात. ज्यांच्याविषयी बोलायचे ते दहा हातांवर बसलेले, आणि बोलणारा त्यांच्याशी एक शब्दही बोललेला नाही, असा हा प्रकार आहे.

सत्कार आणि स्पर्धा या दोन गोष्टी आपण वेगळ्या ठेवल्या म्हणून असे होते. विद्यार्थ्याने स्पर्धेसाठी माजी सैनिकाच्या घरी जावे, त्यांचे नाव, गाव, पलटण आणि हकिकत लिहून आणावी आणि सत्काराच्या वेळी तीच नोंद त्या विद्यार्थ्याने वाचावी, एवढीच या लेखाची सूचना आहे. सूचना लहान आहे. परंतु ती आपल्या समाजासाठी इतकी महत्त्वाची का, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

पेन्शनर मंडळी आणि चळवळीचा आरंभ

ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात महार शिपायांचा भरणा मोठा होता. या लष्करात शिपायांना व त्यांच्या मुलांना शिक्षण सक्तीचे होते. ज्या काळात गावच्या शाळेच्या पायरीवरही आपल्या मुलाला उभे राहू देत नसत, त्या काळात छावणीतील शाळेत तोच मुलगा लिहायला-वाचायला शिकत होता. बाबासाहेबांचे आजोबा मालोजी सैन्यात होते. वडील रामजी सकपाळ हे सुभेदार आणि लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत झाला, हे प्रत्येक मुलाला पाठ असते; परंतु छावणीतच का झाला, असे विचारले तर पुष्कळांना उत्तर देता येत नाही.

महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली सैन्यातून निवृत्त झाले आणि दापोलीस राहू लागले. 'दीनबंधू'सारख्या पत्रांतून त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध लेख लिहिले आणि १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका काढली. दापोलीत निवृत्त शिपायांची वस्तीच होती. पेन्शनीचे चार पैसे हाताशी, अक्षरओळख झालेली आणि गावकीच्या कामातून सुटका, अशी ही मंडळी. पुढे जी चळवळ उभी राहिली तिचा पहिला वाचक आणि पहिला वर्गणीदार हा पेन्शनर होता, असे म्हटले तर ते वावगे होणार नाही.

लॉर्ड रॉबर्ट्स सरसेनापती असताना 'लढाऊ जाती' कोणत्या हे सरकारने ठरविले आणि १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. केवळ नोकरी गेली असे नाही, तर छावणीतली शाळाही गेली. वलंगकरांनी याविरुद्ध विनंतीपत्र तयार केले. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी १९०३ साली सासवड येथे ५१ गावांतील महारांची सभा भरविली आणि १९१० साली थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठवून लष्कर व पोलिसांत जागा मागितल्या. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा, १९१७ साली, १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपल्यावर १९२१ साली ती मोडली. गरज असताना बोलवायचे आणि गरज सरली की घरी पाठवायचे, असे हे धोरण होते. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला जी परिषद भरली, तिच्या अध्यक्षीय भाषणात बाबासाहेबांनी लष्करी पेन्शनर आणि भरतीबंदीचा विषय मुद्दाम काढला होता. १९४१ साली ते व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर गेले आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली.

स्वातंत्र्यानंतरची हकिकत आपल्या मुलांना त्याहूनही कमी माहीत आहे. १९४७-४८ च्या काश्मीर युद्धात या रेजिमेंटचे नाईक कृष्णा सोनवणे यांना महावीर चक्र मिळाले. मुंबईत जन्मलेले आणि ८ महारमध्ये असलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना २५ नोव्हेंबर १९८७ रोजी श्रीलंकेत वीरमरण आले; त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आले. जनरल कृष्णराव आणि जनरल सुंदरजी हे दोन लष्करप्रमुख याच रेजिमेंटचे. आज तेथे अनेक प्रांतांचे व जातींचे जवान आहेत. तेव्हा विद्यार्थ्यांनी 'महार रेजिमेंट म्हणजे फक्त महारांची' असे लिहू नये. आणि आपल्या समाजातील मुले तोफखाना, इंजिनिअर्स, सिग्नल्स, नौदल, हवाई दल अशी सर्वत्र गेली आहेत, हेही विसरू नये. सत्काराच्या यादीतून असे लोक नेहमी गळतात.

कोरेगावचा स्तंभ कसा वाचावा

स्पर्धांतून सर्वांत जास्त बोलला जाणारा विषय म्हणजे भीमा-कोरेगाव. म्हणून त्यासंबंधी थोडे विस्ताराने लिहितो.

३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटन शिरूरहून निघाला. त्याच्याबरोबर मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी बटालियन म्हणजे सुमारे ५०० पायदळ, अडीचशेच्या वर घोडेस्वार आणि मद्रास तोफखान्याचे थोडे गोलंदाज व दोन तोफा होत्या. रात्रभर चालून ही तुकडी १ जानेवारी १८१८ रोजी सकाळी कोरेगावला पोचली तेव्हा भीमेपलीकडे दुसऱ्या बाजीराव पेशव्यांची मोठी फौज दिसली. ही फौज एकूण २८ हजारांची होती असे सांगतात. परंतु प्रत्यक्ष गावावर चालून आलेल्या अरब, गोसावी व इतर पायदळाच्या तुकड्या मिळून सुमारे दोन हजार होत्या. लढाई रात्री नऊपर्यंत चालली. नदीकडची वाट तुटल्यामुळे शिपायांना दिवसभर अन्न नाही, पाणी नाही. रात्री हल्ले थांबले. जनरल स्मिथची फौज जवळ येत होती; पेशवे पुढे निघून गेले आणि स्टाँटनची तुकडी शिरूरला परतली.

विद्यार्थी मित्रांनो, व्यासपीठावरून 'पाचशेंनी अठ्ठावीस हजारांना कापून काढले' असे वाक्य फेकले की टाळी हमखास पडते. माझे मत असे, की या वाक्याने त्या शिपायांची उंची वाढत नाही, उलट कमी होते. उद्या कोणी कागदपत्रे पुढे ठेवून ते वाक्य खोडून काढले, तर ऐकणाऱ्याला वाटते की बाकीचेही खोटेच असणार. रात्रभरची चाल, तहानेने कोरडा पडलेला घसा, दुपारपर्यंत निम्मे अधिकारी पडलेले आणि तरीही शेवटपर्यंत न सुटलेले गाव, एवढे खरे सांगितले तरी ते पुष्कळ आहे. त्या तुकडीत महारांबरोबर इतर जातिधर्मांचेही शिपाई होते, हेही स्वच्छ सांगावे. कंपनीसाठी लढणे योग्य की अयोग्य, असा प्रश्न कोणी विचारला तर चिडू नये. ज्याला गावात माणूस म्हणून जागा नव्हती त्याच्यापुढे त्या काळी कोणते रस्ते उघडे होते, याचा अभ्यास करून उत्तर द्यावे.

स्तंभाचा पाया १८२१ साली घातला गेला. त्यावर इंग्रजीत व मराठीत लेख कोरलेला असून कंपनीच्या ४९ मृत शिपायांची नावे आहेत. त्यांपैकी २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे आणि त्यावरून ते महार शिपाई होते असे ओळखले जाते. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी येथे आले. दरवर्षी लाखो लोक १ जानेवारीला येतात, मानवंदना देतात, पुस्तके घेतात आणि परततात. किती जण ती नावे एकेक करून वाचतात? शाळकरी मुलांना तेथे नेणाऱ्या शिक्षकांनी गर्दीचा दिवस सोडून दुसरा दिवस निवडावा, प्रत्येकाच्या हाती वही द्यावी आणि सर्व नावे उतरवून घ्यायला सांगावे. एवढा एकच तास त्या सहलीत पुरेसा आहे.

आकडे आहेत, नावे नाहीत

कोरेगावच्या स्तंभावर साध्या शिपायाचे नाव आहे, हे किती मोठे आहे ते पुढच्या शंभर वर्षांकडे पाहिल्यावर कळते. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, हजारो हिंदी जवान पडले. त्यांचे स्मारक बसऱ्याला झाले. त्यावर हिंदी पलटणींच्या अधिकाऱ्यांची नावे कोरली. साध्या शिपायांचा मात्र पलटणवार केवळ आकडा. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ साली स्वतःच अहवाल काढून मान्य केले, की आशिया व आफ्रिकेतील हजारो जवानांची बरोबरीने आठवण ठेवली गेली नाही, आणि किमान १ लाख १६ हजार, कदाचित त्याहूनही कितीतरी अधिक मृतांची नावे कोठेच कोरली गेली नाहीत.

आपल्याकडे सातारा, रत्नागिरी या जिल्ह्यांतील पुष्कळ गावांत चावडीवर किंवा शाळेच्या भिंतीत संगमरवराची एक पाटी आढळते. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके लोक गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, असा तिचा मजकूर. साताऱ्याजवळचे आपशिंगे (मिलिटरी) हे गाव तर या परंपरेसाठी महाराष्ट्रभर प्रसिद्ध आहे. पहिल्या महायुद्धात तेथील ४६ जण कामी आले. परंतु बहुतेक गावच्या पाट्यांवर नावे नाहीत, केवळ संख्या. त्या संख्येत आपल्या वस्तीतले किती, हे पाटी सांगत नाही. सांगणारी माणसे होती तोवर कोणी विचारले नाही.

पंजाबात निराळे घडले. तेथील लाखो सैनिकांच्या गाववार नोंदवह्या लाहोरच्या संग्रहालयात पडून होत्या. २०२१ पासून त्या संगणकावर पाहता येऊ लागल्या आणि नातवंडे-पतवंडे आपल्या पूर्वजाचे नाव शोधू लागली. आपल्या गावांच्या अशा वह्या कोणी आयत्या आणून देईल, याची वाट पाहण्यात अर्थ नाही. आपणच त्या लिहाव्यात. दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकावर २०१९ पासून स्वातंत्र्यानंतरच्या पंचवीस हजारांहून अधिक वीरांची नावे कोरलेली आहेत. परंतु जे लढून जिवंत परत आले, शेती किंवा गिरणीत रुजू झाले आणि म्हातारपणी खाटेवर गेले, त्यांची नोंद कोणत्याच भिंतीवर होत नसते. ती कोणी ठेवायची?

स्पर्धा कशी घ्यावी

महार रेजिमेंटच्या स्थापनेचा दिवस १ ऑक्टोबर. त्या दिवशी स्पर्धा जाहीर करावी आणि डिसेंबरच्या मध्यास वह्या गोळा कराव्यात, म्हणजे दिवाळीची सुट्टी हाताशी येते आणि मुले आजोळी-गावी जातातच. ७ डिसेंबरचा ध्वजदिन आणि १६ डिसेंबरचा विजय दिवस याच काळात पडतात. सत्काराचा कार्यक्रम १४ जानेवारीला ठेवावा. फील्ड मार्शल करिअप्पा १९५३ साली याच दिवशी सेवानिवृत्त झाले आणि २०१७ पासून हा दिवस माजी सैनिक दिन म्हणून पाळला जातो. वेळ सकाळचीच असावी; ऐंशी वर्षांच्या माणसाला रात्री दहापर्यंत बसवून केलेला सत्कार ही शिक्षाच होय.

विद्यार्थ्याने आपल्या घरातील, वस्तीतील किंवा गावातील एकच माजी सैनिक अथवा सैनिकाची पत्नी निवडावी. एकदा जाऊन काम होत नाही. पहिल्या भेटीत आजोबा 'आमचं काय, गेलो आणि आलो' एवढेच बोलतात. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत ट्रंक उघडते. प्रश्न साधे विचारावेत : भरतीला कोण घेऊन गेले? तेव्हा वय किती सांगितले आणि खरे किती होते? घरून निघताना काय बरोबर दिले? पहिला पगार किती आणि त्यातून घरी काय पाठविले? लंगरमध्ये एकत्र जेवताना जातीचा अनुभव कसा होता? रजेवर गणवेशात गावी आल्यावर गावाने कसे वागविले? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर शांतपणे, मध्ये न बोलता ऐकावे आणि जसेच्या तसे लिहावे.

'तुम्ही किती जण मारले?' हा प्रश्न मात्र विचारू नये. मुले तो हटकून विचारतात. आपण पंचशील घेणारे लोक आहोत. सैनिकाचा सन्मान कशाशी विसंगत नाही ना, अशी शंकाही काही तरुण मोकळेपणाने मांडतात. वैशालीचा सेनापती सिंह हा सेनापती असतानाच भगवंतांचा उपासक झाला, हे त्यांनी लक्षात घ्यावे. आपण गौरव करतो तो हत्येचा नव्हे. दुसऱ्याच्या रक्षणासाठी घरदार सोडून वर्षानुवर्षे बर्फात नि वाळवंटात उभ्या राहिलेल्या माणसाचा तो गौरव आहे. ज्या आठवणीने म्हातारा माणूस गप्प होतो, ती आठवण ओढून काढण्याचा अधिकार स्पर्धकाला नाही.

आता कागदपत्रांविषयी. डिस्चार्ज बुक असल्यास त्यावरील नाव, नंबर, हुद्दा, भरतीची व निवृत्तीची तारीख उतरवून घ्यावी. जुन्या कागदांत आडनाव नसते, कारकुनाने गावाचे नाव भलतेच लिहिलेले असते. ते सुधारू नये, जसे आहे तसे लिहून पुढे आपली टीप द्यावी. पदक मिळाले तर त्याची कड उजेडात धरून वाचावी. पहिल्या महायुद्धाच्या आणि स्वातंत्र्योत्तर काळातील बहुतेक पदकांच्या कडेवर जवानाचा नंबर, हुद्दा व नाव कोरलेले असते, ही गोष्ट घरच्यांनाही पुष्कळदा ठाऊक नसते. १९१४-१८ चे युद्धपदक लढणाऱ्या शिपायांना चांदीचे मिळे, मजूर पथकांतील लोकांना तेच पदक काशाचे. घरात काशाचे पदक निघाले तर खट्टू होऊ नये. ओझी वाहणारा, खंदक खणणारा तो पणजोबा कोणत्याही भाषणात आलेला नाही. उलट तोच निबंध परीक्षकाने आधी वाचावा. आणि चांदीचे पदक एखाद्या दुष्काळात सोनाराकडे गेले असेल तर तेही लिहावे.

पती गेले असतील तर आजींकडे जावे. सत्काराच्या कार्यक्रमात आजींना साडी-चोळी दिली जाते, त्यांना बोलायला मात्र कोणी सांगत नाही. १९६२, ६५ आणि ७१ च्या युद्धांच्या वेळी घरी काय कळत होते, पत्र कोण वाचून दाखवी, मनीऑर्डर किती दिवसांनी येई, सासरच्या शेतात काम करून मुले कशी शिकविली, हे सारे त्यांच्याकडे आहे. माझ्या मते या हकिकती पुरुषांच्या हकिकतींहून अधिक भरीव निघतील.

गुण देताना भाषेला शंभरापैकी वीसच ठेवावेत; बाकीचे भेटी, नेमकी माहिती आणि प्रामाणिकपणा यांना. 'याबद्दल आजोबांना आठवत नाही' असे लिहिणाऱ्याचे गुण कापू नयेत, वाढवावेत. पालकांनी लिहून दिलेला निबंध दोन ओळींत ओळखू येतो. पाचवी ते सातवीच्या मुलांकडून निबंध मागूच नये. त्यांनी पदकाचे आणि त्याच्या फितीचे रंगीत चित्र काढावे व खाली पाच ओळी लिहाव्यात.

या भेटींतून आणखी एक काम निघते. विधवा आजींचे नाव सेवापुस्तकात एक, आधारकार्डावर दुसरे आणि शाळेच्या दाखल्यावर तिसरे असते आणि एवढ्याच कारणावरून कुटुंब निवृत्तिवेतन अडकून पडते किंवा कमी मिळते. धर्मांतरानंतर काहींनी नावे-आडनावे बदलली, त्यांच्या बाबतीत हा घोळ अधिक. असे आढळल्यास विद्यार्थ्याने फक्त संस्थेच्या कार्यकर्त्यास कळवावे. कार्यकर्त्याने आजींना घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे. तेथून संबंधित रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार होतो. महार रेजिमेंटचे हे कार्यालय मध्य प्रदेशात सागर येथे आहे. माजी सैनिकांच्या पाल्यांसाठीच्या शिष्यवृत्त्यांचीही माहिती त्याच जिल्हा कार्यालयात मिळते. मात्र पेन्शनचा आदेश क्रमांक, बँकेचा क्रमांक वगैरे तपशील स्पर्धेच्या वहीत लिहू नयेत आणि फलकावर तर मुळीच लावू नयेत. वृद्धांना फोनवरून फसविणारे सध्या फार झाले आहेत.

कार्यक्रमाच्या दिवशी प्रत्येक सत्कारमूर्तीबरोबर त्यांची नोंद लिहिणारा विद्यार्थी व्यासपीठावर यावा. त्याने दोन मिनिटांत नाव, गाव, पलटण, सेवेची वर्षे आणि एक प्रसंग वाचावा. शाल मागाहून. पाहुण्यांचे भाषण त्यासाठी अर्ध्या तासाने कमी करावे लागले तरी चालेल, आणि बक्षीस न मिळालेल्या वह्याही परत देऊ नयेत.

सर्व वह्यांवरून संस्थेने एक मोठी नोंदवही तयार करावी : अनुक्रमांक, पूर्ण नाव, मूळ गाव, पलटण, भरती व निवृत्तीची वर्षे, पदके, माहिती सांगणाऱ्याचे नाव, लिहून घेणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव आणि तारीख. छापील किंवा इतरांस दाखवायच्या नोंदीसाठी घरच्यांची संमती घ्यावी. एक प्रत विहारात, एक शाळेच्या ग्रंथालयात आणि ज्या-त्या घराचे पान त्या-त्या घरी द्यावे. ज्यांच्याकडे माहिती नाही, फक्त 'आमचे पणजोबा पलटणीत होते' एवढेच ठाऊक आहे, त्यांचेही नाव या वहीत घ्यावे आणि पुढचे रकाने कोरे सोडावेत.